बाहुलीच्या हौदाचे पाणी

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी. आमच्या जिल्ह्यातल्या या गावांतून दरवर्षी कितीतरी मुलंमुली पुण्याची गाडी धरतात. कुणी स्पर्धा परीक्षेसाठी, कुणी नोकरीसाठी. बापाने कापूस विकून दिलेले पैसे खिशात असतात आणि डोक्यात साहेब होण्याचे स्वप्न असते. ही मुलं पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरून फर्ग्युसन रस्त्याकडे जाताना एका रस्त्याने रोज चालतात. त्या रस्त्याचे नाव घोले रोड. याच रस्त्यावर महात्मा फुले यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय उभे आहे. आम्ही अशा अनेक मुलांना विचारून पाहिले की, बाबांनो, हे घोले कोण? कुणी सांगितले, असेल कुणी पेशवाईतला सरदार. कुणी म्हणाले, असेल कुणी नगरसेवक. एकालाही खरे उत्तर देता आले नाही.

दोष मुलांचा नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी कुणाची चरित्रे जाड केली आणि कुणाची दोन ओळींत उरकली, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण आता लेखणी आपल्याही हातात आहे. मग आपण तरी डॉ. विश्राम रामजी घोले यांना का विसरावे? रस्त्याला नाव दिले की समाजाचे ऋण फिटले, असे मानणारी जमात आपलीही होऊ लागली आहे काय?

विश्राम रामजी घोले यांचा जन्म १८३३ सालचा. जात गवळी. आजच्या सरकारी भाषेत इतर मागासवर्ग आणि त्या काळच्या धर्मशास्त्राच्या भाषेत शूद्र. गाई-म्हशी राखाव्यात, दूध घालावे, वरच्यांच्या दारात अदबीने उभे राहावे, एवढेच आयुष्य या समाजाच्या मुलासाठी व्यवस्थेने आखून ठेवले होते. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. सत्ता इंग्रजांची आली होती, पण पाठशाळा, कचेऱ्या आणि देवळे यांवरची पकड ज्यांची होती त्यांचीच राहिली होती. अशा काळात हा गवळ्याचा मुलगा डॉक्टर झाला, शस्त्रक्रियेत नावाजला आणि लष्कराच्या वैद्यकीय सेवेत मानाच्या जागेवर पोहोचला. हे कसे घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे.

वैद्यकीचा धंदा आपल्या धर्मशास्त्राने कोणत्या नजरेने पाहिला होता? मनुस्मृतीने चिकित्सकाच्या घरचे अन्न निषिद्ध ठरवले आहे आणि त्याची तुलना पुवाशी केली आहे. जखम धुणारा, पू काढणारा, बाळंतिणीला सोडवणारा, मढ्याला हात लावणारा तो अपवित्र! म्हणूनच खेड्यापाड्यांत बाळंतपण करायला महार-मांगांच्या बाया आणि गळू फोडायला न्हावी. ज्ञान त्यांच्या हातात होते, पण त्याला मान नव्हता. पुढे इंग्रजांनी १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज काढले, लष्कराच्या छावण्यांत इस्पितळे चालवली, डॉक्टर या शब्दाबरोबर पगार आणि हुद्दा आला. तेव्हा कालपर्यंत विटाळ मानणारेही रांगेत पुढे येऊन उभे राहिले. अपवित्र काम प्रतिष्ठेचे झाले की त्याची जात बदलते, हा आपल्या देशाचा जुना अनुभव आहे.

पण लष्कराचा दरवाजा थोडा वेगळा होता. तिथे सर्व समता होती असे आम्ही म्हणणार नाही. पलटणीतही जात होती. पण गोळी लागलेल्या शिपायाच्या मांडीतून शिसे बाहेर काढताना हात कुणाचा, हे विचारायला सवड नसते. तिथे हात स्थिर असावा लागतो. डॉ. घोले यांचा हात स्थिर होता. १८५७ च्या धामधुमीत ते लष्करात होते आणि त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. पुढे शल्यविशारद म्हणून त्यांची कीर्ती वाढत गेली. सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली आणि व्हाइसरॉयचे मानद असिस्टंट सर्जन म्हणून त्यांचा गौरव केला. एका गवळ्याच्या मुलासाठी ही झेप केवढी होती!

इथे काही पंडित नाक मुरडतील. सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमरात इंग्रजांची चाकरी करणारा हा माणूस आम्हाला कशाला सांगता, असे म्हणतील. त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या महार शिपायांना हाच प्रश्न विचारला गेला आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या स्तंभापाशी जाऊन त्याचा निकाल लावला. ज्या राज्यात आपल्या सावलीचाही विटाळ होत होता, ते राज्य परत आणण्यासाठी शूद्रातिशूद्रांनी का मरावे? डॉ. घोले यांनी सरकारची नोकरी केली, सरकारचा मानही घेतला. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पुढे महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या घरात भीमराव जन्मला. छावणीची ही शाळा नसती तर आपला इतिहास काय झाला असता, याचा विचार एकदा करून पाहावा. म्हणूनच महारांची लष्करभरती जेव्हा इंग्रजांनी बंद केली, तेव्हा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळे यांच्यापर्यंत सर्वांनी अर्जांवर अर्ज केले. त्यांना बंदुकीची हौस नव्हती. बंद होणारी शाळा त्यांना दिसत होती.

असो. मोठा हुद्दा मिळवणारी माणसे प्रत्येक काळात असतात. हुद्दा मिळाल्यावर माणूस कुणाच्या बाजूला बसतो, हा खरा प्रश्न असतो. डॉ. घोले यांची थोरवी इथून सुरू होते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. भटजीशिवाय लग्न, दलालाशिवाय देव आणि सर्वांना शिक्षण अशी ही चळवळ. पुण्यातल्या सनातन्यांनी तिच्यावर आग पाखडली. सत्यशोधकाच्या घरी लग्न निघाले की त्याच्यावर दडपण यायचे. भाऊबंद तोडायचे, सावकार कर्ज मागायचा. अशा संस्थेत सामान्य सदस्य होणेसुद्धा धाडसाचे होते. १८७५ साली डॉ. विश्राम रामजी घोले या समाजाचे अध्यक्ष झाले. जोतीरावांनंतर त्या खुर्चीवर बसलेला हा माणूस सरकारी मानमरातबाचा होता. त्याच्या दवाखान्यात सगळ्या पेठांचे लोक येत होते. त्याला गमावण्यासारखे पुष्कळ होते. गुपचूप देणगी देऊन, मनातून मी तुमच्यासोबत आहे असे सांगून त्याला मोकळे होता आले असते. तसे न करता त्याने उघडपणे खुर्ची स्वीकारली.

या मंडळींचा गोतावळाही पाहण्यासारखा होता. भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर होते. त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी दीनबंधू हे पत्र सुरू केले. दीनबंधू ही आजच्या बहुजन पत्रकारितेची गंगोत्री, आणि आज ज्याला शिवाजीनगर म्हणतात ते भांबुर्डे, जिथे घोले रोड आहे, ते याच भालेकरांचे गाव. नारायण मेघाजी लोखंडे होते. त्यांनी पुढे मुंबईत दीनबंधू चालवला, गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारखे मुंबईतले तेलुगू सत्यशोधक होते. रामशेट उरवणे होते. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर अडकले, तेव्हा जोतीरावांच्या शब्दावर दहा हजारांचा जामीन याच उरवण्यांनी दिला. टिळकांच्या चरित्रात ही गोष्ट किती ठळकपणे येते, ते वाचकांनी स्वतः तपासावे. माळी, गवळी, कुणबी, तेलुगू कंत्राटदार, व्यापारी, डॉक्टर, पत्रकार असा हा मेळा होता. कुणी पैसा दिला, कुणी छापखाना दिला, कुणी व्याख्याने दिली. डॉ. घोले यांनी आपली विद्या आणि आपली पत दिली.

आणि त्याची किंमत मोजली. ही किंमत कोणती, हे लिहिताना आमचाही हात जड होतो.

डॉ. घोले यांना काशीबाई नावाची मुलगी होती. दिसायला गोड, म्हणून घरात तिला सगळे बाहुली म्हणत. मुलींना शिकवणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा तो काळ. पण जोतीराव-सावित्रीमाईंच्या सहवासातला बाप मुलीला घरात कसा कोंडून ठेवील? बाहुली शिकू लागली. हुशार होती. नातेवाइकांना आणि जातवाल्यांना ते खुपू लागले. विरोध झाला, बोलणी झाली, पण डॉक्टर हटले नाहीत. मग एके दिवशी त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला कुणीतरी काचेचा चुरा घातलेला खाऊ खायला दिला आणि ती तडफडून मेली, अशी हकीकत पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. साल १८७७.

शेकडो शिपायांना मरणाच्या दारातून ओढून आणणारा शल्यविशारद आपल्याच घरात, आपल्याच पोटच्या पोरीपुढे हतबल झाला. वाचकहो, यात एक गोष्ट ध्यानात घ्या. हा घाव बाहेरच्या सनातन्याने घातलेला नव्हता. तो घरच्यांनी, जातीतल्यांनी घातला. ब्राह्मणी व्यवस्था फक्त ब्राह्मणाच्या घरात राहते, असे ज्यांना वाटते त्यांनी बाहुलीची गोष्ट पुन्हा वाचावी. मनू शूद्राच्या स्वयंपाकघरातही बसलेला असतो. शिकणाऱ्या पोरीच्या पानात काच वाढणारा हात आपल्याच माणसाचा असू शकतो.

अशा आघातानंतर माणूस काय करतो? कुणी घरात बसतो, कुणी चळवळीला दोष देतो, कुणी सूड घेतो. डॉ. घोले यांनी यातले काहीच केले नाही. धाकटी मुलगी गंगूबाई, तिलाही त्यांनी शिकवले. आणि १८८० साली बुधवार पेठेत, फरासखान्याजवळ, काशीबाईच्या नावाने पाण्याचा हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांना खुला केला. पुणेकर त्याला आजही बाहुलीचा हौद म्हणतात.

पाण्याच्या हौदाचे महत्त्व नळाची तोटी फिरवणाऱ्या पिढीला पटकन कळणार नाही. त्या काळी पुण्यात पेठापेठांत हौद होते. कात्रजच्या तलावाचे पाणी त्यांत येत होते. पण महार, मांग, चांभार, भंगी यांना त्या हौदांना शिवण्याची मुभा नव्हती. कुणी दया येऊन वरून ओतले तर ओंजळीत घ्यायचे, नाहीतर तहानेले परत जायचे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बारा वर्षांनी त्यांच्या डॉक्टर मित्राने भर बुधवार पेठेत, पेशव्यांच्या शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, सर्वांसाठी हौद बांधला. एक घरचा हौद, दुसरा रस्त्यावरचा. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तो ठराव जिवंत केला. बाहुलीच्या हौदानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. चवदार तळ्याकडे जाणारी वाट फुल्यांच्या वाड्यातून आणि या लहान पोरीच्या हौदावरून गेली आहे, हे आपण आपल्या मुलांना सांगतो का?

यातही एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. हौद खुला करणे हे दात्याचे औदार्य होते, तळ्यावर जाणे हा हक्क होता. डॉ. घोले यांनी दिले, बाबासाहेबांनी घ्यायला शिकवले. सत्यशोधक मंडळींच्या कार्याची ही मर्यादा मानली तरी चालेल. पण ज्या शहरात देणाराही सापडत नव्हता, तिथे देण्यासाठी त्याने लेकीचे मरण पोटात घातले होते.

डॉ. घोले यांचे आणखी एक ऋण आहे आणि ते तर आपल्या साऱ्या चळवळीवर आहे. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली होती. ज्या हाताने गुलामगिरी आणि शेतकऱ्याचा असूड लिहिले तो हात दोन महिन्यांतच निकामी झाला. तेव्हा आजच्यासारखी औषधे नव्हती, मेंदूचे फोटो काढणारी यंत्रे नव्हती, रक्तदाब मोजण्याचे साधनसुद्धा डॉक्टरांच्या हाती आलेले नव्हते. पैशाचीही ओढगस्त होती. त्या आजारात डॉ. घोले यांनी मित्रावर उपचार केले. जोतीराव त्यातून उठले, दोन वर्षांहून अधिक जगले आणि डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि १८९१ मध्ये ते पुस्तक छापले गेले. स्त्री आणि पुरुष यांना सारखेच हक्क आहेत हे निःसंदिग्धपणे मांडणारा हा ग्रंथ आज आपण अभिमानाने मिरवतो. त्या डाव्या हाताच्या मागे एका लष्करी डॉक्टरची सेवा उभी आहे, हे मात्र आपल्याला आठवत नाही.

ही परंपरा तिथेच थांबली नाही. जोतीराव-सावित्रीमाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला आणि तोही लष्कराच्या सेवेत गेला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला गेला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या पोराला सावित्रीमाईंनी पाठीवर टाकून तिथे आणले. पोरगा वाचला, माईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. महिन्याभरापूर्वीच, फेब्रुवारीत, नारायण मेघाजी लोखंडेही प्लेगच्या साथीत काम करता करता गेले होते. एकामागून एक सगळे साथीदार निघून जाताना पाहत डॉ. घोले १९०० साली पुण्यात वारले. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते.

आता थोडे आपल्याकडे पाहू. १८७५ साली शूद्रांतून निघालेला डॉक्टर म्हणजे नवल होते. आज आमच्या यवतमाळातच १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फुले-शाहू-आंबेडकरांच्या पुण्याईने आणि बाबासाहेबांच्या घटनेने आपली मुलंमुली डॉक्टर होत आहेत. मंडल आयोगाच्या अंमलबजावणीसाठी आंबेडकरी तरुण रस्त्यावर उतरला, तेव्हा ज्यांच्यासाठी उतरला त्यांतले अनेक जण घरात बसून होते. वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के जागा मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. डॉ. घोले आज असते तर या लढाईत ते कुणाच्या बाजूला उभे राहिले असते, हे ओबीसी बांधवांनी स्वतःला विचारावे.

आणि बाहुलीचे मरण संपले आहे, असेही समजू नये. २०१९ साली मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचे प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालय काय ते ठरवील. पण शिकणारी पोर आजही एकटी पडते, एवढे समजायला निकालाची वाट पाहायची गरज नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. कित्येकांची दृष्टी अधू झाली. मेलेले बहुतेक आपलेच होते. अशा वेळी आपल्या समाजातून निघालेले डॉक्टर, अधिकारी, प्राध्यापक किती पुढे आले? काही आले, त्यांना आमचा जयभीम. पण कितीतरी जण बंगल्याच्या फाटकावरची पाटी इतकी सांभाळतात की, गावातली जुनी ओळख निघू नये म्हणून जयंतीची वर्गणीसुद्धा पाकिटात घालून, नाव न सांगता देतात. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी वेदना बोलून दाखवली, ती याच वर्गाला उद्देशून होती. डॉ. घोले यांच्याकडे तर आरक्षण नव्हते, घटना नव्हती, संघटना नव्हती. होती ती सरकारी नोकरी आणि ती जाण्याची भीती. तरी त्यांनी खुर्ची उघडपणे घेतली आणि आपले नाव चळवळीच्या नावाला जोडले.

समाजाचे ऋण फेडायचे म्हणजे महिन्याला अमुक एक रक्कम द्यायची, असा हिशेब आपण करून ठेवला आहे. रक्कम द्यावीच. पण चळवळीला पैशाइतकीच आपल्या माणसाच्या विद्येची, त्याच्या पतीची आणि त्याच्या उघड नावाची गरज असते. डॉक्टर असाल तर आठवड्यातला एक दिवस तांड्यावर, पोडावर, बुद्धवाड्यात बसा. वकील असाल तर एक खटला फुकट लढा. अधिकारी असाल तर निदान कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आपले नाव छापू द्या.

आणि यवतमाळहून पुण्याला गेलेल्या आमच्या मुलामुलींनो, तुम्ही एक करा. एखाद्या रविवारी अभ्यासाची पुस्तके बाजूला ठेवा. गंजपेठेत फुले वाड्यात जा. तिथून पायी बुधवार पेठेत बाहुलीच्या हौदापाशी या आणि त्या लहानग्या काशीबाईला वंदन करा. मग घोले रोडने परत खोलीवर जा. तुम्ही उद्या साहेब व्हाल, याबद्दल आम्हाला शंका नाही. साहेब झाल्यावर आपल्या गावात एक हौद बांधाल की फाटकावर फक्त पाटी लावाल, एवढे मात्र त्या रस्त्यावर चालतानाच ठरवून टाका.

जयभीम! जय सत्यशोधक!